ताटलीतलं ऊन

गाडी पुढे जायला हवी होती. ती मागे सुटली, शाळेच्या फाटकातून आत येणाऱ्या एका माणसाच्या बुटावर धडकली आणि उताणी पडली. बाटलीच्या झाकणांची चारही चाकं हवेत गरगरत राहिली.

माणूस वाकला.

"हात नका लावू!" सातवीची शिक्षिका आचल ओरडली. ओढणी कमरेला बांधलेली, हातात पकड आणि मागून धावणारा तिचा अख्खा वर्ग, अशी ती त्याच्यापुढे येऊन उभी राहिली. "आमची गाडी आमी उचलतो."

"उलटी पळतेय," तो म्हणाला.

"दिसून राह्यलं मले."

"चूक कुणाची?"

"ते आमच्या वर्गात विचारत नाई. आमी फक्त विचारतो, काऊन?"

"का... काव?"

पोरं फिसकन हसली. दोन वेण्यांची काजल पुढे झाली. "काऊन म्हंजे 'का', सर. लाल तार काळीच्या जागी जोडली, म्हणून उलटी पळाली."

तो सांगलीकडचा रजत. गणिताचा नवा मास्तर म्हणून देवळीच्या बसमधून उतरला होता. हजेरीपटावर सही करायच्या आधीच त्याला एक शब्द शिकायला मिळाला. आणि आचलला... आचलला एवढंच जाणवलं, की हा माणूस हसताना आधी डोळ्यांनी हसतो. बरं नाही हे, तिने स्वतःला बजावलं. आपल्याला वेळ कुठे आहे?

वेळ खरंच नव्हता. शनिवारचे दोन तास आचलने भांडून मिळवले होते. त्यात पोरं खेळण्यातल्या मोटरी, पुठ्ठे, झाकणं आणि तळहाताएवढं सोलर पॅनल घेऊन गाड्या बनवत. मुख्याध्यापक वासुदेवरावांना ते खटकत होतं.

"मॅडम, परीक्षेत गाडी विचारत नाईत," ते म्हणाले होते. "येत्या शनिवारी तपासणीची समिती येऊन राह्यली. त्यांच्यापुढं गाडी झेंड्यापासून फाटकापर्यंत हात न लावता गेली, तर तास तुमचे. नाई तर सराव परीक्षा."

रजत दुपारनंतर थांबू लागला. पोरं मोठं चाक की लहान यावर भांडत, तो ऐकत बसे. जाताना आचल म्हणे, "उद्या या, सर." एकदा त्याने काजलला हळूच विचारलं, "तू वर्गातल्या ऋतिकला 'येजो' म्हणतेस आणि मॅडम मला नुसतं 'या' म्हणतात. असं काऊन?"

"येजो आपल्या माणसाले म्हणतात, सर. तुमी तर पाहुणे."

"पाहुण्याचा आपला माणूस व्हायला किती दिवस लागतात?"

"ते मॅडमले विचारा ना!"

आचल दोन हातांच्या अंतरावर चाकात आस बसवत होती. तिने वर पाहिलं नाही. आस मात्र दोनदा हातातून निसटली.

शुक्रवारी गाडी सुरेख निघाली, नीट सरळ... आणि अंगणाच्या मधोमध कडुनिंबाच्या सावलीत शिरताच थांबली.

"फांदी तोडू," ऋतिक म्हणाला.

"झाड तोडून गाडी चालवली, तर शिकलो काय आपण?" आचल सावलीच्या कडेला उभी होती. आवाज पक्का होता. "गाडी इथूनच जाईल. कशी, ते शोधा."

मधल्या सुटीत खिचडी आली. ऋतिकने ताटली चाटूनपुसून उचलली, तसा उन्हाचा एक गोल भिंतीवर नाचला. काजल खाता खाता थांबली. "मॅडम... ऊन वाढता येते!"

शनिवारी समितीची माणसं व्हरांड्यात बसली. सावलीच्या कडेने, उन्हात, पोरं घासलेल्या ताटल्या धरून उभी राहिली. एक ताटली कमी पडू नये म्हणून रजतही रांगेत होता. गाडी झेंड्यापासून निघाली. सावलीत शिरली. ताटल्यांतलं ऊन पॅनलवर पडलं, गाडी चालत राहिली... चालत राहिली... आणि मध्येच थांबली.

आचलचे डोळे दिपले. उन्हाचा एक गोल तिच्या गालावर थरथरत होता.

"सर!" काजल किंचाळली. "ऊन गाडीवर पाडा, मॅडमवर नाई!"

सगळा व्हरांडा हसला. रजत कानापर्यंत लाल झाला. ताटली वळली, गाडी शहारली आणि सावली ओलांडून थेट फाटकाला जाऊन टेकली.

"हात लावायचा नव्हता," वासुदेवराव म्हणाले.

"हात नाई लावला, सर," आचल म्हणाली. "ऊन लावलं."

वासुदेवरावांनी चष्मा काढून पुसला. हसू लपवायची त्यांची ती जुनीच रीत. "तास तुमचे," ते म्हणाले.

शाळा सुटल्यावर रजत बसची वाट पाहत सडकेवर उभा होता. आचल येऊन शेजारी उभी राहिली.

"गाडी थांबली तवा माझा जीव गेलता. ताटली हलली काऊन?"

"चूक कुणाची ते विचारायचं नाही ना?"

"नाई. फक्त काऊन."

"तुम्ही ओठ घट्ट मिटून उभ्या होता... गाडी आता तुमच्या हट्टानंच चालेल, असं वाटलं. मी पॅनलकडे बघायला हवं होतं. तुमच्याकडे बघत राहिलो." तो थांबला. "आणि हे आजचंच नाही."

बस आली. आचलने हात करून ती थांबवली. तो पाय ओढत चढला, कंडक्टरने घंटी मारली...

"उद्या रविवार हाय," ती खालून म्हणाली. "आई भरीत करून राह्यली. जेवाले येजो."

तो दारातच थबकला. "काय म्हणालात?"

"ऐकलं ना तू. बस आत."

बस हलली. आचलने पिशवीतून डब्याचं झाकण काढलं, उन्हात तिरकं धरलं, आणि खिडकीतल्या त्या चेहऱ्यावर उन्हाचा गोल नेमका पाडला. तिचा हात अजिबात हलला नाही.