दसऱ्याचं ग्राफिक्स कार्ड

नवं कोरं ग्राफिक्स कार्ड बसवलं, खेळ सुरू केला, आणि नौका होती तशीच अडखळली!

शाल्मलीचा विश्वासच बसेना. तिने खेळ बंद केला, पुन्हा लावला. ‘नभनौका’ हा खेळ तिला जीव की प्राण होता. ढगांमधून नौकांची शर्यत. शंभरेक नौका एकदम सुटायच्या आणि नेमकं त्याच वेळी पडद्यावरचं चित्र थबकायचं, एकदम पुढे उडी मारायचं, पुन्हा थबकायचं. तोवर शाल्मलीची नौका एखाद्या कड्यावर आदळलेली असायची. जुनं कार्ड दमतं, असं म्हणून तर तिने आज दसऱ्याच्या मुहूर्तावर हे नवं आणलं होतं. आणि ढिम्म! काही म्हणजे काही फरक नाही.

“त्या दुकानदाराने फसवलं मला,” ती रडवेली होऊन म्हणाली.

“फसवलं कशाला? अगं, कार्ड चांगलंच असेल,” आजोबा आपल्या खुर्चीतून म्हणाले. “पण शालू, कोण दमतंय ते आपण बघितलंच नाही, नाही का?”

विश्वंभर आजोबा म्हणजे साधी असामी नव्हे. उभा जन्म त्यांनी महासंगणकावर हवामानाची गणितं करण्यात घालवलेला. आता निवृत्त होऊन ते इचलकरंजीच्या घरी राहायला आले होते. डोळ्यांनी मात्र दगा दिला होता. समोरचं माणूस म्हणजे त्यांना नुसता धुरकट ठिपका दिसे. त्यात हल्लीच्या बिनचालकाच्या रिक्षा येतात कशा, जातात कशा, पत्ता लागत नाही. आवाजच नाही त्यांना! म्हणून आजोबांच्या सोबतीला एक यंत्रमानव होता. आजोबा थट्टेने त्याला रावसाहेब म्हणायचे, आणि तोही स्वारीसारखा ऐटीत “जी” म्हणायचा. रोज संध्याकाळी रावसाहेब आजोबांचा हात धरून त्यांना नदीच्या घाटावर न्यायचे. तिथे हारुणकाका मोमीन वाट बघत बसलेले असायचे. शाळेपासूनची दोस्ती ती.

आता खरी गोष्ट सांगायला हवी. सांगताना जीभ जड होते, पण सांगायला हवी.

झालं होतं असं. दुकानाची जाहिरात आली ती नेमकी खंडेनवमीला. ‘दोन चालू जुनी कार्डं द्या, सवलतीत एक नवं न्या. दसऱ्याला दुपारपर्यंतच!’ शाल्मलीने साठवलेले पैसे आणि ही सवलत, दोन्ही मिळून जेमतेम जमत होतं. पण तिच्याकडे जुनं कार्ड होतं एकच.

आजोबा म्हणाले होते, “आधी मोज. पाव तास खेळ, आणि संगणकातला कुठला भाग धापा टाकतोय ते बघ.”

पण मोजणार कसं? या घरात पूर्वी यंत्रमाग होते. मागांची धडधड कधीच थांबली, तरी रीत राहिली होती. खंडेनवमीला यंत्रांना सुट्टी. संगणकाला हळद-कुंकू वाहिलं होतं, मिक्सरवर फूल ठेवलं होतं, आणि कोपऱ्यात रावसाहेब झेंडूची माळ घालून डोळे मिटून उभे होते. बटणाला हात लावायचा नाही! दसऱ्याच्या सकाळी पूजा उतरवली, तेव्हा मोजायला सवड होती कुठे? दुकान दुपारी सवलत बंद करणार होतं.

“मोठं कार्ड म्हणजे मोठंच ना आजोबा! त्यात काय मोजायचं?” शाल्मली म्हणाली. मग तिची नजर कोपऱ्यात गेली. “रावसाहेबांच्या छातीतपण एक कार्ड आहे. ते दिलं तर? त्यांचं चालेल की त्याच्याशिवाय. त्यांना कुठे खेळायचंय?”

आजोबांनी कोपऱ्याकडे मान वळवली. मग म्हणाले, “घे बाळ.”

रावसाहेबांना मात्र कुणी विचारलंच नाही. ते अजून माळ घालून झोपलेले होते.

आणि आता नवं कार्ड बसवूनही नौका अडखळतच होती. “चल, आता तरी मोजू,” आजोबा म्हणाले. “खेळात चित्राचा बारकावा कमी करायची सोय असते ना? अगदी तळाला ने.”

शाल्मलीने तसं केलं. ढग ओबडधोबड झाले, नौकांवरची नक्षी गेली.

“वेग वाढला?”

“नाही. तसंच अडखळतंय.”

“बघ हं. चित्र सोपं केलं म्हणजे कार्डाचं काम हलकं केलं. तरी वेग वाढत नाही. मग अडचण कार्डात असेल का?”

शाल्मलीने नव्या कार्डाच्या रिकाम्या खोक्याकडे बघितलं.

“तुमच्या शाळेत रांगोळी काढतात ना?” आजोबांनी विचारलं. “समज, एक बाई खडूने नक्षी आखतात आणि शंभर मुली रंग भरतात. बाई म्हणजे प्रोसेसर (संगणकाचा मुख्य मेंदू). नौका कुठे आहे, कोण कुणावर आदळलं, वारा कुठून येतोय, हा सगळा विचार तो करतो. एकामागून एक, नीट क्रमाने. आणि रंग भरणाऱ्या मुली म्हणजे ग्राफिक्स कार्ड. त्यात हजारो छोटे कामकरी असतात. प्रत्येक जण आपापल्या चित्रबिंदूत (पडद्यावरचा सर्वांत लहान ठिपका) रंग भरतो, आणि सगळे एकाच वेळी भरतात. याला समांतर काम म्हणतात. असं एक चित्र पुरं झालं की ती एक चौकट. सेकंदाला साठ चौकटी आल्या की डोळ्याला हालचाल सलग वाटते.”

“मग?”

“मग बाईंनाच आखायला वेळ लागला तर?”

“मुली हातात रंग घेऊन बसून राहतील,” शाल्मली म्हणाली, आणि तिच्या डोक्यात लख्खकन उजेड पडला. “आणि मी शंभराच्या जागी हजार मुली आणल्या!”

“हजार मुली आणल्यास, आणि बाई एकच. काम जिथे अडतं त्या अरुंद जागेला बॉटलनेक (बाटलीच्या गळ्यासारखी जागा) म्हणतात. गळा तेवढाच ठेवून बाटली मोठी केली, तर पाणी लवकर पडेल का?”

आजोबांनी तिला खेळातल्या नौका शंभराच्या तीस करायला सांगितल्या. म्हणजे प्रोसेसरचं ओझं कमी. तिने केल्या, आणि काय आश्चर्य! नौका लोण्यातून सुरी जावी तशी पळायला लागली. एकही धक्का नाही.

शाल्मली हसली, आणि लगेच तिचं हसू मावळलं. “आजोबा, हे तर जुन्या कार्डावरही झालं असतं.”

“झालं असतं.”

“फुकट.”

“हो गं राणी. फुकट.”

त्या संध्याकाळी लोक सोनं वाटायला बाहेर पडले. आजोबांनीही आपट्याची पानं खिशात घातली, चपला चढवल्या. “रावसाहेब, चला. हारुणला सोनं द्यायचंय.”

रावसाहेब फाटकापर्यंत गेले आणि थांबले. एक रिक्षा समोरून झर्रकन निघून गेली. ती गेल्यावर त्यांनी आजोबांना मागे ओढलं. मग दुसरी गेली. त्यांनी पुन्हा तसंच मागे ओढलं.

“काय झालं हो?” शाल्मली धावत गेली.

“शाल्मलीताई, मला दिसतं,” रावसाहेब शांतपणे म्हणाले. “पण दिसेपर्यंत ते निघून गेलेलं असतं.”

आता शाल्मलीला उमगलं. खेळायला नसलं, तरी बघायला रावसाहेबांना कार्डच लागत होतं! कॅमेऱ्यातून येणाऱ्या प्रत्येक चित्रातले लाखो ठिपके तपासायचे, त्यात रिक्षा कुठली, खड्डा कुठला, माणूस कोण, हे ओळखायचं. हजारो हातांचं समांतर काम ते. आता ते सगळं एकटा प्रोसेसर करत होता. पूर्वी सेकंदाला चाळीस चित्रं तपासली जायची, आता जेमतेम एक.

“तिच्या संगणकाचा गळा प्रोसेसर होता, आणि यांचा गळा कार्ड,” आजोबा स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले. “आणि आपण नेमकं उलटं केलं.” त्यांनी चपला काढल्या. “राहू दे. आज पायही दुखतायत.”

पाय वगैरे काही दुखत नव्हते. शाल्मलीला ते कळत होतं, आणि कळत होतं म्हणूनच तिला रडू फुटलं.

दुसऱ्या दिवशी ती दुकानात गेली. घेतलेली जुनी कार्डं वितळवायला गेली होती. सवलतीतला माल परत घेणार नव्हते. बरं, नवं कार्ड रावसाहेबांच्या छातीत बसवावं, तर ते मुळात मावेना. मावलं असतं तरी वीज इतकी खाणार होतं, की कोपऱ्यावर पोहोचायच्या आत रावसाहेबांची बॅटरी संपली असती.

“तुम्हाला ठाऊक होतं ना आजोबा? मग तुम्ही मला ‘नाही’ का म्हणाला नाहीत?”

“मोजल्याशिवाय काही घेऊ नये, हे मी जन्मभर दुसऱ्यांना शिकवलं,” आजोबा म्हणाले. “पण तुझा आवाज ऐकला आणि शास्त्रज्ञाचा आजोबा झालो. तेव्हाच तुला हाताला धरून थांबवायला हवं होतं. चूक माझीही आहे, बाळ.”

या वेळी मात्र ती दुकानात जायच्या आधी कागद-पेन्सिल घेऊन बसली. आजोबांच्या चालीने चालायला सेकंदाला किती चित्रं पुरतील? अंगणात रावसाहेबांसमोर चेंडू टाकून, सायकल नेऊन तिने आणि आजोबांनी ते शोधून काढलं. बारा पुरत होती. बारा चित्रांना कार्ड केवढं हवं? लहानसं, जुनं, कमी वीज खाणारं. मग तिने आपलं नवं कार्ड विकायला काढलं. गिऱ्हाईक मिळेपर्यंत दिवाळी उलटून गेली. आलेल्या पैशांत रावसाहेबांसाठी एक वापरलेलं कार्ड आलं. तिच्या संगणकासाठी काही उरलं नाही. नभनौका बंद पडली, पण त्याचं तिला आता फारसं वाटत नव्हतं.

त्या संध्याकाळी तिघं घाटावर गेली. रावसाहेबांनी रस्ता व्यवस्थित ओलांडून दिला. दोन रिक्षा वेळेवर ओळखल्या, एक खड्डा चुकवला. शाल्मली खुशीत होती. घाटाच्या पायऱ्या दिसू लागल्या, तसे रावसाहेब नेहमीप्रमाणे बोलायला लागले. “डावीकडे दोन मुलं. पायरीवर एक कुत्रा. हारुणकाका दिसत नाहीत.”

“नाही दिसणार,” आजोबा म्हणाले. “गेल्या आठवड्यात लेकीकडे साताऱ्याला गेला तो. कायमचाच. जाण्याआधी रोज येऊन बसत होता म्हणे इथे. आपल्या घरापर्यंत चालवत नाही त्याला.”

शाल्मली जागच्या जागी उभी राहिली. “तुम्ही मला सांगितलं का नाही? मीच हात धरून आणलं असतं.”

“तू कार्डाच्या मागे धडपडत होतीस. आणखी काय सांगायचं?”

“फोन केला असता...”

“केला की. रोज करतो. पण अगं, आम्ही इथे कुठे फारसं बोलायचो? शेजारी बसायचो. ते फोनवर कसं करणार?”

एका खेळापायी आजोबांच्या त्या संध्याकाळी गेल्या होत्या, आणि त्या कुठल्याच दुकानात परत मिळणाऱ्या नव्हत्या. ती आजोबांना घट्ट बिलगली. “चुकलं माझं. खूप चुकलं.”

आजोबांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. ‘असू दे’ असं ते म्हणाले नाहीत.

शाल्मलीने डोळे पुसले. “आजोबा, साताऱ्याला एसटी जाते.”

“जाते. पण स्टँडवरची गर्दी म्हणजे काय सांगू तुला! पंचवीस गाड्या, शंभर माणसं, सगळी हलती.”

“रावसाहेब, तिथे किती चित्रं लागतील?”

“सेकंदाला तीस तरी हवीत, शाल्मलीताई. मला बारा जमतात.”

“म्हणजे अठरा कमी,” आजोबा म्हणाले.

शाल्मलीने आजोबांचा दुसरा हात धरला. “त्या अठरांचं मी बघते. शनिवारी सकाळची गाडी कितीला असते?”