लोणावळ्याहून हुस्नबानो लिहितात

लोणावळ्याच्या बाजारात राजमहंमदचं किराणा दुकान होतं. गूळ, शेंगा, विड्या, घासलेट, आणि गाडी थांबली की उतारूंना विकायला चिक्कीसारखी गूळदाणी. पुड्या बांधायला रद्दी लागे. ती फाडून चौकोन करायचं काम त्याच्या विधवा बहिणीचं, नसीमचं. तिचा नवरा शाळेत शिपाई होता. लग्नानंतरच्या दोन हिवाळ्यांत त्यानं तिला हौसेनं वाचायला शिकवलं, आणि तिसऱ्या हिवाळ्यात तो गेला. राजमहंमदला आकडे येत, अक्षरं येत नसत. म्हणून नसीम फाडता फाडता मोठ्यानं वाची आणि तो गुळाची ढेप फोडता फोडता ऐके. कुठं पूल वाहून गेला, कुठं कापूस चढला, कुणाच्या टकलावर केस आले.

सन एकोणीसशे एकतीस सरत आलं होतं. सकाळी नऊपर्यंत धुकं दुकानाच्या फळीवर येऊन बसे. अशाच एका सकाळी नसीमनं पुण्याच्या एका साप्ताहिकाचं पान अर्ध्यावर फाडलं आणि तिचा हात थांबला.

ती मोठ्यानं वाचायला लागली, आणि मग तिचा आवाज खाली खाली गेला.

"जठरामृत. पोटशूळ, अजीर्ण, मंदाग्नी यांवर रामबाण. लोणावळ्याहून सौ. हुस्नबानो राजमहंमद लिहितात: मला दोन वर्षे पोटशूळ होता. आपल्या तीन बाटल्यांनी पूर्ण गुण आला. आता दोन भाकरी सहज पचतात. आपले उपकार कसे फेडू?"

राजमहंमदचा बत्ता ढेपेवरच राहिला.

हुस्नबानो त्याची बायको. नसीमची भाबी. दसऱ्याच्या आदल्या दिवशी तिला मूठमाती दिली होती. पानावरची तारीख डिसेंबरातली होती.

"भाई," नसीम म्हणाली, "हे काय आहे?"

"कंपनीवाल्यांचं असतं काहीतरी."

"काहीतरी? माझी भाबी पोट धरून उकिडवी मेली. दोन भाकरी? दोन घोट पाणी पचत नव्हतं तिला!"

मग हळूहळू बाहेर आलं. औषधाचा एजंट दत्तोबा दर बाजारच्या दिवशी पुण्याहून येई. भाद्रपदात त्यानं सहा बाटल्या फुकट दिल्या आणि त्या बदली हुस्नबानोचा अंगठा घेतला. सगळीकडं असाच घेत. मजकूर मागाहून कंपनी घाली.

"कोऱ्या कागदावर?"

"कोऱ्याच."

"आणि ती दुखण्यानं तळमळत होती, तेव्हा अंगठा दिलात?"

राजमहंमदनं बत्ता उचलला. "त्या बाटलीनं दुखायचं थांबलं होतं की नाही? तूच सांग. झोपत होती की नाही?"

झोपत होती. नसीमला ते आठवलं आणि रागानं तिच्या कानशिलाची शीर उडायला लागली. पोटात गाठ आहे, पुण्याला न्या, असं डॉक्टरनं सांगितलं होतं. राजमहंमद म्हणाला, बाटली आहे ना. बाटलीनं दुखणं झाकलं. झाकलेलं दुखणं आत वाढत गेलं, उतू गेलं.

त्याच दिवशी तिनं कंपनीला कार्ड टाकलं. ही बाई मेली आहे. तिचं नाव काढा. लाज असेल तर काढा.

कंपनीचं उत्तर आलं नाही. पुढच्या शनिवारी साप्ताहिक आलं. राजमहंमद आता ते विकत घेऊ लागला होता, कारण जाहिरातीखाली 'मिळण्याचे ठिकाण' म्हणून त्याचं नाव छापून येई आणि कुसगावपासून माणसं बाटली मागत येत.

"लोणावळ्याहून सौ. हुस्नबानो लिहितात: माझ्या नणंदेने आपणांस कार्ड लिहिले, त्याचा राग धरू नये. ती मायेची आहे. आता जाते ओढताना कळ येत नाही. तिला कळवावे की तुझे पीठ, माझे पीठ, मोजू नये."

नसीमनं पान खाली ठेवलं. पहिल्यांदा तिला वाटलं, टवाळी आहे. तिचं कार्ड वाचून कुणी हरामखोर हसत बसला आहे. मग तिनं ती शेवटची ओळ पुन्हा वाचली.

भाबी होती तेव्हा पहाटे दोघी जात्याला समोरासमोर बसत. एकाच खुंट्यावर दोघींचे हात. नणंद-भावजयीच्या ओव्या म्हणजे टोमणेच असायचे, म्हणून हुस्नबानोनं आपली एक वेगळी रचली होती. तिसऱ्या माणसाच्या कानावर ती कधी पडली नव्हती.

*नंदा-भावजयी बाई, एका जात्याच्या दोन बाजू,*
*तुझं पीठ, माझं पीठ, कशासाठी गं मोजू.*

बाजारच्या दिवशी दत्तोबा एजंट आला. कोट, टोपी, पेटी सगळं नेहमीचं, पण फळीवर टेकला नाही. नसीमनं त्याला चहासुद्धा विचारला नाही.

"किती रुपये मिळतात हो, दत्तोबा, मेलेल्या बाईच्या भाकरी मोजायचे?"

"बाई, ओरडू नका. लोक बघतात."

"बघू द्या!"

त्यानं पेटीतून एक कागद काढला. पांढरा, कोरा. खाली उजव्या कोपऱ्यात एक अंगठा.

"हाच तो. पहिला मजकूर मालकांनी सांगितला, ते मी नाकारत नाही. पण पुढचे आम्ही नाही घातले. हा कागद छापखान्यात अक्षरं जुळवणाऱ्या जुळाऱ्याच्या समोर ठेवला की त्याचा हात शिशाच्या खिळ्यांवर चालायला लागतो. तो बघत असतो कागदाकडं, वाचल्यासारखा. आणि बाई, तो तेलंगी आहे. त्याला मराठी अक्षर ओळखता येतं, अर्थ लागत नाही."

"मग फाडून टाका कागद."

"मालक म्हणतात, खप वाढलाय." दत्तोबानं घसा साफ केला. "मला तर तो पेटीत ठेवायलाही नको वाटतो."

नसीमनं कागद हिसकला. अंगठ्याची शाई ओली होती. चार महिन्यांची शाई, आणि तिच्या बोटांना काळी लागली. दत्तोबानं कागद परत घेतला, पेटी उचलली आणि स्टेशनाकडं गेला. नसीमनं बोटं राखेनं घासली, लिंबानं घासली. रेषांतला काळेपणा गेला नाही.

तिसरं पत्र आखूड होतं.

"आता मला सर्व पचते. गूळ पचतो. कच्चे तांदूळ पचतात. माती पचते."

ते राजमहंमदला वाचून दाखवलं तेव्हा तो हसला. पण हसू गालापर्यंत पोचलं नाही. "बघ, औषध किती चांगलं आहे ते," म्हणाला, आणि बाटल्यांवरची धूळ पुसू लागला.

त्याच आठवड्यात भुशीच्या वरच्या वस्तीवरून कोंडू ठाकर उतरला. खांद्यावर करवंदीच्या फाट्यांची मोळी, कमरेला कोयता.

"नसीमबाय, ती पोटाची बाटली द्या. माज्या पोरीला, चिंगीला, लय दुखतंय. चार रोज झालं, गडबडा लोळतीय."

"कोंडूभाऊ, त्या बाटलीला हात लावू नका. सरकारी दवाखान्यात न्या तिला, आत्ताच्या आत्ता. तीच बाटली पिऊन आमची भाबी मेली."

कोंडू दात दाखवून हसला.

"आवो, मेली कशी? तलाठ्यानं वाचून दावलं आमाला. पेपरात हाय. तीन डाव छापून आलंय."

"मी माझ्या हातानं तिला न्हाऊ घातलंय, भाऊ! कफन मी बांधलंय!"

"आसंल," कोंडू समजुतीनं म्हणाला, जसा एखाद्या वेड्या माणसाशी बोलतो. "पर छापल्यालं खोटं आसतंय व्हय? सायबाचं यंत्र हाय ते. मानूस खोटं बोलतंय, यंत्र कसं बोलंल?"

ती पुढं काही म्हणणार तोच मागून राजमहंमदचा हात आला. त्यानं बाटली कोंडूच्या पंज्यात ठेवली.

"दिवसातून तीनदा. एक एक चमचा. मोळी इथंच टाक, पैसे नकोत."

कोंडू कपाळाला बाटली लावून गेला.

शुक्रवारी वस्तीवरचा माणूस बाजारात मीठ घ्यायला आला, त्यानं सांगितलं. चिंगी गुरुवारी गेली. शेवटचे दोन रोज गपगार झोपली होती. कोंडू सगळ्यांना सांगत होता, गुण आला, गुण आला.

 नसीमनं कोंडूच्या त्या मोळीतला एक फाटा ओढून मोडला, दुसरा मोडला, तिसरा मोडला. तळहातातून रक्त आलं तरी मोडत राहिली.

दुसऱ्या दिवशी शनिवार. साप्ताहिक आलं. राजमहंमद तराजूत शेंगा जोखत होता.

"लोणावळ्याहून सौ. हुस्नबानो लिहितात: माझे यजमान हे औषध दुसऱ्यांस देतात, स्वतः घेत नाहीत. येत्या शुक्रवारी मी त्यांस माझ्या हाताने पाजीन. तोवर कोणी त्यांस काळजीत टाकू नये."

नसीमनं ते मनात वाचलं. मग पुन्हा वाचलं. तळहाताची जखम ठणकत होती.

"काय छापलंय?" राजमहंमदनं विचारलं.

तिनं भावाकडं बघितलं. लहानपणी त्यानं तिला खांद्यावर बसवून कार्ल्याची लेणी दाखवली होती. त्याच्या मागं फडताळावर बारा बाटल्या ओळीनं उभ्या होत्या, नव्या, लाल बुचांच्या.

"काही नाही," ती म्हणाली. "तेच ते."

आणि तिनं पानाचे चौकोन केले.

सहा दिवस होते. सहाही दिवस शब्द तिच्या ओठांपर्यंत यायचे. प्रत्येक वेळी फळीवर कुणीतरी बाटली मागायला उभं असायचं, आणि भाई ती हसून द्यायचा. संपल्या तशा त्यानं नव्या मागवल्या.

शुक्रवारी तो जुम्म्याची नमाज पढून आला. जेवला. आत जरा पडतो म्हणाला. ऊन लख्ख होतं. नसीम दुकानात पुड्या बांधत बसली.

आतून चमच्याचा आवाज आला. काचेवर. हलका.

मग बूच निघाल्याचा.

"पुरे," राजमहंमद म्हणाला. आवाजात राग नव्हता, भीती नव्हती. ताटात आग्रहानं वाढणाऱ्या बायकोला नवरा म्हणतो, तसं. "पुरे की."

पुन्हा बूच.

"अगं, पुरे."

नसीमनं पुडीला दोरा गुंडाळला. गाठ मारली. दुसरी पुडी घेतली.

बुचं तिनं मोजली नाहीत. मोजायची नाहीत, असं तिला कुणीतरी सांगितलं होतं.

आवाज थांबल्यावर ती उठली. राजमहंमद भिंतीला टेकून बसला होता, मांडी घालून, डोळे उघडे. समोर बारा बाटल्या रिकाम्या, बुचं परत नीट लावलेली. अंगरख्यावर एक थेंब सांडला नव्हता. ओठ कुणीतरी पदरानं पुसावेत तसे स्वच्छ पुसलेले होते.

डॉक्टर म्हणाले, काळीज थांबलं.

दुसऱ्या दिवशी दुकान बंद होतं, तरी पोरक्या फळीवर साप्ताहिक येऊन पडलं. बायका आत रडत होत्या. नसीम बाहेर आली आणि उन्हात उभी राहून तिनं पान उघडलं.

"लोणावळ्याहून सौ. हुस्नबानो लिहितात: माझे मागील पत्र माझ्या नणंदेने कोणास वाचून दाखविले नाही, याबद्दल मी तिची जन्माची ऋणी आहे."