‘कधीपर्यंत’चा रकाना

तुम्हाला याची परवानगी नाही... पडद्यावर तीच लाल ओळ तिसऱ्यांदा उमटली आणि दीपमालाने वैतागून कीबोर्ड पुढे ढकलला.

“अहो, त्याच्यावर कशाला राग काढता? परवानगी मी बंद केलीय.”

तिने वळून पाहिलं. दारात एक उंच, सावळा मुलगा उभा होता. खांद्यांवर श्रावणातल्या भुरभुरीचे थेंब, हातात फॉर्मचा गठ्ठा. सातपूरच्या त्या कारखान्यात दोन हजार चार साली नवं सॉफ्टवेअर आलं, तेव्हा कोणी काय उघडायचं नि काय नाही हे ठरवून देणारा गोरक्ष तो हाच.

“काल तर चालत होतं!”

“काल तुम्ही तुमच्या रावजीसाहेबांच्या नावाने आत शिरत होतात. त्यांचा पासवर्ड टेबलाच्या काचेखाली आहे. अख्ख्या स्टोअरला पाठ!”

ती ओशाळली.

“मालाची मागणी तुम्ही करायची, मंजुरी साहेबांनी द्यायची. एकाच माणसाला दोन्ही नाही. जास्तीचं काही लागलं तर हा फॉर्म. आणि हा शेवटचा रकाना, ‘कधीपर्यंत’... हा रिकामा सोडायचा नाही.”

“आणि सोडला तर?”

“तर मला परत जिना चढून यावं लागेल.”

तिने पुढचे चारही फॉर्म रिकामे सोडले. तोही चारदा जिना चढला. तक्रार म्हणून नाही केली कधी.

भाद्रपदात रावजीसाहेब दवाखान्यात पडले आणि नेमकी त्याच दुपारी मशीन अडली. बेअरिंग स्टोअरमध्ये होतं, पण मंजुरी द्यायला कोणी नाही. दीपमालाने घाबरून गोरक्षला फोन लावला.

“अर्ध्या तासापुरती देतो तुम्हालाच. फॉर्म मागाहून भरू.”

काम झालं. तो दारात येऊन घुटमळला. “चहा... घ्याल?”

गेटबाहेरच्या टपरीवर प्लॅस्टिकच्या कडेने पाणी ठिबकत होतं. तिने मखमलाबादच्या घरच्या मळ्यात सडत चाललेल्या झेंडूचं सांगितलं, त्याने सटाण्याला एकट्या राहणाऱ्या आईचं. ग्लास हातातच निवले. आणि परतल्यावर तिची परवानगी काढून घ्यायची राहून गेली. आयुष्यात पहिल्यांदाच तो विसरला.

दिवाळीच्या तोंडावर तपासणीची माणसं आली, त्यांना ते सापडलं. साधा नटसुद्धा हरवला नव्हता. पण दीड महिना मागणी आणि मंजुरी एकाच माणसाच्या हातात होती. मॅनेजरच्या टेबलावर दीपमालाच्या कायम होण्याचं पत्र सहीसाठी पडलं होतं. तरी ती आत जाऊन म्हणाली, “साहेब, फोन मी केला होता.”

“मागणाऱ्याचा काय दोष?” गोरक्ष तिच्याकडे न बघता म्हणाला. “देणारा मी होतो.”

“फॉर्म नाही, म्हणजे जबाबदारी यांचीच,” मॅनेजरसाहेबांनी फाईल मिटली. “शनिवार शेवटचा. नवा माणूस येईपर्यंत त्यांचं काम तुम्ही बघा, मॅडम.”

शनिवारी परतीचा पाऊस खिडकीला चिकटून बसला होता. गोरक्ष तिच्या शेजारी बसून शेवटचं काम शिकवत होता... नाव बंद करणं.

“आता माझं नाव शोधा.”

“मला नाही जमणार.”

“जमेल.” त्याने स्वतःचा फॉर्म पुढे सरकवला. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, ‘एक चहा. त्याचं वाईट वाटत नाही.’

अक्षरं तिच्या डोळ्यांत विरघळली. “हे... असं लिहितात?”

“बोलायला धीर नाही झाला, म्हणून लिहिलं.”

“आता कुठे?”

“सटाण्याला, आईकडे. पुढचं पुढे.”

तिने बटण दाबलं. पडद्यावर त्याचं नाव करडं झालं. त्याने बॅग उचलली.

“थांबा!” तिने कार्बन घालून कोरा फॉर्म ओढला, भराभर लिहिला. मागणी: सटाण्याहून पत्र. मागणारी: दीपमाला.

त्याने वाचलं. “शेवटचा रकाना राहिलाय, मॅडम.”

“राहू दे.”

तो कितीतरी वेळ त्या रिकाम्या चौकोनाकडे बघत राहिला. मग ‘मंजूर’पुढे दाबून सही केली, वरचा कागद घडी करून खिशात ठेवला आणि जिना उतरून गेला.

कार्बनखालची प्रत तेवढी तिच्यापाशी राहिली. सही पुसट होती, पण वाचता येत होती.