मे महिन्यातला मित्र

जेवण उरकून मशीनवाल्याने तारांगणाच्या यंत्रावरची धूळ पुसली आणि घुमटात मे महिन्याचं आकाश लावलं. आजवर तो यंत्रच फिरवत आला होता. बोलायचं काम त्याच्या मित्राचं. मित्राला सगळे पोपट म्हणायचे आणि याला मुका. "मुक्या, तू आकाश फिरव, मी लोकांना फिरवतो," असं म्हणून पोपट स्वतःच हसायचा.

पोपट मागच्या महिन्यात तापाने गेला. दवाखान्यात त्याने याचा हात धरला होता. "आता तू बोल. घाबरू नको, मी आहे ना पाठीशी." त्या शब्दावर विसंबून मुका तारांगण चालवणाऱ्या मॅडमना हो म्हणाला. आज पहिला खेळ. जमलं तर नोकरी राहणार, नाहीतर बाहेरचा रस्ता.

लोक बसले. दिवे मालवले. काळोख असा, की स्वतःचा हातही परका वाटावा. यंत्राची घरघर, तापलेल्या धुळीचा वास... आणि त्यात लवंगेचा. पोपट घशासाठी लवंग चघळायचा. माइकला वास राहिला असेल, अशी मुक्याने मनाची समजूत घातली.

"नमस्कार..." त्याचा आवाज कापला. मागे कुणीतरी खुदकन हसलं. "तिकडे, मावळतीला टेकलेला तो अग..."

"अगस्त्य," स्पीकरमधून आलं. त्याच्या आधी.

घुमटात घुमत असेल, त्याला वाटलं. पण 'त्रिशंकू' हा शब्द त्याच्या ओठांवर यायच्या आतच वरून उच्चारला गेला. भरदार, मधाळ, ओळखीचा आवाज. मुक्याने ओठ घट्ट मिटले. बोलणं चालूच राहिलं. माइक बंद केला. तरी चालूच.

"पोपटा..." तो कुजबुजला, "माझं काम आहे रे हे... तूच दिलंस ना..."

स्पीकरमधला आवाज पुढे बोलू लागला.

"आता त्रिशंकूच्या डावीकडे बघा. दोन ठळक तारे. अलीकडचा मित्रक, पलीकडचा मित्र. सूर्य सोडला तर हाच आपल्याला सगळ्यात जवळचा तारा. म्हणूनच जरा जपून! मित्र जितका जवळ, तितका..."

लोक खो खो हसले. शेवटचा शब्द त्या हसण्यात बुडाला. मुक्याला मात्र तो ऐकू आला... अगदी कानाशी.

दिवे लागले. टाळ्या पडल्या. माणसं पांगली तशा मॅडम तरातरा आल्या.

"टेप लावलीस? तुला बोलायला सांगितलं होतं ना?"

"नाही हो मॅडम, मी..."

"त्याचा आवाज मला कळत नाही होय? उद्यापासून येऊ नकोस."

जाता जाता त्या दाराशी थबकल्या. वळल्या तेव्हा त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

"पण... त्याने तर आपला आवाज टेपवर कधी भरूच दिला नव्हता. ही टेप आणलीस कुठून?"

मुक्याने तोंड उघडलं. जीभ हलली. शब्द फुटेना.

उत्तर वरून आलं, दिवे लागलेल्या रिकाम्या घुमटातून.

"त्याला काय विचारता, मॅडम? मुका आहे तो."