कापलेली नऊ मिनिटं

पटत नसेल तर सोडून द्या, पण हे घडलंय. गेल्या वर्षी, अविधवा नवमीला. तेही रात्री नाही, भर दुपारी बारा वाजता, बनारसच्या दूधविनायक मोहल्ल्यात.

नीरजा माझी मामेबहीण. खोटं बोलत नाही ती. कुढते मात्र पुष्कळ.

तिच्या सांगण्याप्रमाणे, कारण एकच. विद्युल्लता. नवऱ्याची, म्हणजे प्रसन्नची, पहिली बायको. लग्नानंतर पाच वर्षांत वारली. आणि मेलेल्या माणसाचं एक बरं असतं. त्याची आमटी कधी खारट होत नाही.

"विद्युल्लता होती तेव्हा घर कसं हसायचं," सासूबाई दर सणाला म्हणायच्या.

नीरजा लग्नांचे व्हिडिओ एडिट करते. सासूबाईंच्या पंचाहत्तरीसाठी घरातल्या जुन्या क्लिपा जोडायचं काम तिच्याच गळ्यात पडलं. फिल्म झाली चाळीस मिनिटांची. त्यात विद्युल्लता नऊ मिनिटं. राजा घाटावर गुलाबी साडीत, नावेत, प्रसन्नच्या खांद्याला खांदा लावून... हसतेय.

नीरजा स्वतः साडेतीन मिनिटं. त्यातली दोन पोळ्या लाटताना.

नवमीच्या दिवशी बाहेर विद्युल्लतेच्याच नावाने सवाष्ण जेवायला येणार होती. नवऱ्याआधी गेलेल्या बाईसाठी त्या दिवशी घालतात तशी.

आतल्या खोलीत नीरजा तिलाच कापत होती. क्लिप निवडायची, उडवायची, मागचा भाग ओढून पुढच्याला चिकटवायचा. सतरा तुकडे. सतराव्याला तिला सपाटून भूक लागली.

मग तिने फिल्मची लांबी पाहिली.

चाळीस मिनिटं.

नऊ कापली, तरी चाळीसच?

तिने प्ले दाबलं.

आधी हसणं आलं...

तिने आवाजाचे सगळे ट्रॅक बंद केले. स्क्रीनवर आवाज दाखवणाऱ्या पट्ट्या खाली बसल्या.

हसणं चालूच.

मग राजा घाट. गुलाबी साडी. मघाशी विद्युल्लता प्रसन्नकडे बघून हसत होती. आता...

सरळ नीरजाकडे.

"झाली का फिल्म? दाखव ना!" मागे प्रसन्न. त्याच्यामागे सासूबाई.

नीरजाने डोळे मिटून घेतले.

"अगंबाई, गुलाबी किती खुलतोय गं तुला!" सासूबाई म्हणाल्या.

"मला?"

"मग काय मला?"

"कसली हसायचीस गं तेव्हा," प्रसन्न म्हणाला. "आता काय धाड भरलीय?"

"अहो, ही विद्युल्लता आहे."

प्रसन्नने वळून पाहिलं. चेष्टा नव्हती चेहऱ्यावर.

"कौन?"

बाहेर शेजारच्या शरदिनीकाकू पाटावर बसल्या होत्या. समोर पान वाढलेलं. सासूबाई बघतच राहिल्या.

"शरदिनी, आज काय विशेष? कुणी बोलावलं तुला?"

काकूंनाही आठवेना.

गेली सवत. नीरजाला हवं ते मिळालं. फक्त हल्ली सासूबाई दर सणाला म्हणतात, "आमची नीरजा पूर्वी कशी हसायची!"

आणि नीरजा अजून कुढते. नसलेल्या सवतीवर इतकं कोण जळेल, सांगा.

ती फिल्म मी पाहिली. मला सगळीकडे नीरजाच दिसते. प्रसन्नचं हे दुसरं लग्न, असं मलाही आठवत नाही.

पण परवा तिच्या लग्नाचा अल्बम काढला. मंगळसूत्राच्या खाली, तिच्या गळ्यात, एक चांदीचा टाक आहे. बिजवराशी लग्न करणारीने पहिलीच्या नावाने घालायचा असतो, तसला.

तो कुणाचा, हे त्या घरात विचारायला माझी जीभ अजून उचललेली नाही...