विहिरीच्या वाटेवरचं औषध

२०४७ सालची दिवाळी. आमच्या विहिरीचं पाणी तपासून आलं होतं, एकदम स्वच्छ! तरीही हेमलता आत्या म्हणाली, "शाळेचा नळ या विहिरीला जोडू नका."

आत्या मातीची शास्त्रज्ञ, तर तिचा धाकटा भाऊ, म्हणजे माझे काका, गावचे सरपंच. काकांनी तोंड फुगवलं. मलाही कळेना, स्वच्छ पाण्यात वाईट काय?

"शाल्मली, फवारणीचं औषध अजून वाटेत असेल तर?" आत्याने पेटीतून यंत्रगांडूळ काढलं. त्याचं नाव गंगू. "नऊ मीटर खाली भूजलपातळी आहे (तिथून खाली मातीतली प्रत्येक फट पाण्याने भरलेली असते). तिच्या वर असतो असंतृप्त थर (तिथे फटींत थोडं पाणी, थोडी हवा). ते पाणी मातीला चिकटून बसतं, विहिरीत येत नाही, पावसागणिक थोडं थोडं खाली मात्र सरकतं. तपासायचं तर ते शोषूनच काढावं लागतं."

गंगूचं नाक त्यासाठीच भाजलेल्या मातीचं होतं, बारीक छिद्रांचं.

द्राक्षांवर औषध फवारलं की आमच्याकडे पंप विहिरीशेजारीच धुतात. पाणी हाताशी, आणि धुवण वेलींवर पडत नाही म्हणून काकांना केवढा अभिमान! गंगूला आम्ही तिथेच जमिनीत सोडलं. तीन मीटर खोलीवर औषध भरपूर निघालं, चार मीटरवर थोडं, पाच मीटरवर काहीच नाही.

"ताई, तुझं गांडूळ झिंगलंय," काका हसले.

मला असा राग आला! तीन दिवस, तीन जागी मी पुन्हा मोजलं. आकडे तेच. मग आत्याची गेल्या दिवाळीच्या मोजणीची वही उघडली.

भाऊबीजेला आत्याने ओवाळलं. काका म्हणाले, "ताई, माग काय हवं ते."

आत्याने माझ्याकडे पाहिलं. मी वही पुढे केली. "काका, औषध गेल्या वर्षी तीन मीटरपर्यंत होतं, यंदा चार मीटरपर्यंत आलंय. असंच चाललं तर पाच वर्षांनी विहिरीत पोचेल. तेव्हा आपली गार्गी पहिलीत असेल."

काकांची एक वर्षाची लेक गार्गी त्यांच्याच मांडीवर होती. त्यांनी वही ओढून घेतली आणि दोन्ही आकडे पुन्हा वाचले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः त्या जागेवर शेततळ्यात घालायचा उरलेला प्लास्टिकचा कागद अंथरला, म्हणजे पावसाचं पाणी औषधाला खाली ढकलणार नाही. विहिरीपासून लांब एक खड्डा खणला, त्यातही कागद घातला, वर भुसा, माती आणि शेणखत भरलं. आता पंप तिथे धुतात. खतातले सूक्ष्मजीव (डोळ्यांना न दिसणारे जीव) औषध हळूहळू मोडून टाकतात.

पुढच्या भाऊबीजेला गंगूने कळवलं, औषध चार मीटरपर्यंतच आहे, आणि पहिल्यापेक्षा कमी. मग शाळेचा नळ सुरू झाला. पहिला पेला काकांनी गार्गीला पाजला.

गंगू अजून पाच मीटरवर पहारा देते आहे. दर रविवारी तिचे आकडे वहीत मीच लिहिते.