शेवटच्या बाकावरची जर्सी

युसूफ वडगाव या गावच्या क्रीडा मंडळाचं नाटक संध्याकाळी शाळेच्या पटांगणात व्हायचं होतं. सकाळीच मृत्युंजय कडब्याच्या पेंढ्या घेऊन आला.

नाटक होतं मंडळाच्याच निवडणुकीचं. जुन्या कबड्डी कप्तानाला पाडायला सगळे सभासद एक होतात. पण गावात केबल आल्यापासून तालमीला माणसं मिळेनात, म्हणून सभासद कडब्याचे केले होते. कोल्ड्रिंकच्या एजंटानं वाटलेल्या जर्श्या, खाली जुन्या पँटी, उजव्या बाहीत काठी. मागून दोरी ओढली की सगळ्यांचे हात वर.

"खरे सभासद बी असंच करत्यात," नाटक बसवणारे मोहनराव सर म्हणाले. "ह्यांना चहा तरी लागत न्हाई."

कप्तानाचं काम संगमेशचं होतं, मृत्युंजयच्या थोरल्या भावाचं. महिन्याखाली मांजरसुंब्याच्या घाटात त्याची जीप उलटली. आता ते काम नवनाथ करणार होता. आईनं संगमेशचे कपडे वाटून टाकले होते. मेलेल्याचा कपडा घरात ठेवत नाहीत. एक जर्सी तेवढी मृत्युंजयनं लपवली होती. आज त्यानं तीच भरली आणि शेवटच्या बाकावर बसवली. दादाला या नाटकात राहायचं होतं. राहू दे. मात्र त्या बाहीत त्यानं काठी घातली नाही, दोरीही बांधली नाही. दादा कप्तानाच्या विरुद्ध कशाला हात वर करील?

दुपारी तो जेवून आला. बाकी सगळ्यांचे पाय खाली लोंबत होते. दादानं मांडी घातली होती. लिंगायतांच्या रीतीनं खड्ड्यात बसवून पुरताना जंगमानं त्याला घालून दिली होती तशीच. मृत्युंजयनं पोरांना शिव्या घातल्या आणि पाय पुन्हा खाली सोडले.

संध्याकाळी प्रयोग रंगात आला आणि लाईट गेली. गॅसबत्त्या आल्या. रॉकेलच्या वासात आणखी एक वास मिसळला, मुरगळल्यावर संगमेश चोळायचा त्या मलमाचा.

अध्यक्ष झालेले मोहनराव खुर्चीवरून म्हणाले, "कप्तानाच्या विरोधात कोण?"

मृत्युंजयनं दोरी ओढली. हात वर गेले. लोक हसले. त्यानं दोरी सोडली, हात पडले.

नवनाथ पुढं आला. "माझ्या बाजूनं कोन हाय?"

इथं कुणाचाच हात वर जायचा नव्हता. पडदा पडायचा होता.

शेवटच्या बाकावरची बिनकाठीची बाही हळूहळू वर गेली. आणि तशीच राहिली.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग टाळ्या थांबल्या.

"हात खाली घे बे..." मोहनराव ओठ न हलवता पुटपुटले.

"सर... त्याला दोरीच न्हाई..."

मोहनरावांनी मागं वळून पाहिलं नाही. त्यांनी पडदा पाडायची खूण केली.

माणसं पांगली. नवनाथनं एकेक सभासद उसवून कडबा टेम्पोत भरला. शेवटच्या बाकाकडं तो गेला नाही. तिथं मृत्युंजय गेला. बाही आता खाली आली होती. सकाळचा कडबा वाळून खडखडीत होता. जर्सी मात्र काखेत ओली होती, आणि गरम. कडबा काढायला त्यानं बाहीत हात घातला.

आतून त्याचा पंजा पकडला गेला. चढाईला आलेला गडी पकडतात तसा, घट्ट.

"दादा," तो म्हणाला. "सोड आता... आई वाट बघती."

"कावून थांबलास बे?" टेम्पोजवळून नवनाथ ओरडला. "चल की!"

"तू हो पुढं," मृत्युंजय म्हणाला. "मला न्हाई येता येत."